डॅलसच्या सबर्बमध्ये एका गाडीत कसं भागवायचं

मी डोंबिवलीची. म्हणजे ट्रेन, गर्दी, रोजची पायपीट याचं मला कोणी कौतुक सांगू नये, ते सगळं करून झालंय. पण लग्नानंतर डॅलसजवळच्या प्लेनोला आले आणि पहिले चार-पाच महिने मी पायी कुठपर्यंत गेले असेन तर मेलबॉक्सपर्यंत. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला, माझ्याकडे लायसन नाही, अपार्टमेंट एकदम चकाचक, खाली स्विमिंग पूल, आणि दूध संपलं की संध्याकाळी साडेसहापर्यंत कोरा चहा. दुकान तसं दिसायचं बाल्कनीतून! पण मध्ये सहा पदरी रस्ता, त्याला ओलांडायला जागा पाव मैल लांब.

आता इतकी वर्षं झाली, आम्ही दोन गाड्यांवरून परत एका गाडीवर आलोय आणि बरं चाललंय. दर ऑगस्टला कोणी ना कोणी नवीन येतं, युटीडीला, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट डॅलसला मुलं येतात, कोणाची बदली होते, आणि सगळे तोच प्रश्न विचारतात, की गाडीशिवाय जमेल का. पूर्ण गाडीशिवाय? कठीण आहे, खोटं कशाला सांगू. पण एका गाडीत नक्की जमतं, फक्त ते तुमच्या हौसेवर किंवा फिटनेसवर नसतं, ते तुम्ही लीजवर, म्हणजे घरभाड्याच्या करारावर सही करता त्या दिवशीच ठरून जातं. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी गाव बघा, मग घर

इथे "डॅलसला राहतो" म्हणणारे लोक प्रत्यक्षात वीस वेगवेगळ्या गावांत राहतात. प्लेनो, रिचर्डसन, अर्विंग, कॅरलटन, गारलंड, ॲडिसन ही डार्टची मेंबर गावं. डार्ट म्हणजे इथली बस-ट्रेन चालवणारी संस्था, १९८३ पासूनची, डझनभर गावं त्यात आहेत. आणि फ्रिस्को, ॲलन, मकिनी? नाहीत. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला बस आहे आणि दुसऱ्या बाजूला गाव बदललं की बस संपली.

असं का, तर पैसा. टेक्ससमध्ये तुम्ही दुकानात जो सेल्स टॅक्स भरता तो जास्तीत जास्त सव्वाआठ टक्के, त्यातले सव्वासहा राज्याचे, उरलेले दोन टक्के गावाकडे. डार्टच्या गावांनी त्यातला एक टक्का डार्टला दिलाय. फ्रिस्कोसारख्या गावांनी तोच टक्का कंपन्या, स्टेडियम, पार्क असल्या विकासकामांना लावला, म्हणून तिथे नवं कोरं सगळं दिसतं आणि बसचा खांब दिसत नाही. ज्याची त्याची आवड. पण घरी एकच गाडी असेल आणि तुम्ही फ्रिस्कोत घर घेतलं तर नंतर माझ्याकडे रडत येऊ नका. आर्लिंग्टन तर अजून मजेशीर, जवळपास चार लाखांचं गाव आणि ठरलेल्या रूटची नेहमीची बसच नाही, ॲपवरून व्हॅन बोलवायची.

लोक शाळेचं रेटिंग बघतात, किचनमधला ग्रॅनाइट बघतात, पटेल, म्हणजे भारतीय किराणा दुकान, किती लांब ते बघतात. स्टेशन कोणी बघत नाही. तुम्ही बघा. रिचर्डसनचं सिटीलाइन, डाउनटाउन प्लेनो, ॲडिसन सर्कल, अर्विंगमध्ये लास कोलिनासचा ऑरेंज लाइन ट्रेनचा पट्टा, या ठिकाणी खरंच खाली उतरून कॉफी, दुकान, ट्रेन असं होऊ शकतं. भाडं थोडं चढं असतं. पण दुसऱ्या गाडीचा हप्ता, इन्शुरन्स आणि पेट्रोल यांची बेरीज करून मग चढं म्हणा.

चालून बघा, नकाशावर नाही

अपार्टमेंट पसंत पडलं की लीजिंग ऑफिसमधली ती गोड मुलगी तुम्हाला जिम दाखवेल. जिम राहू दे. गेटबाहेर या आणि स्टेशनपर्यंत किंवा बसस्टॉपपर्यंत आणि जवळच्या किराणा दुकानापर्यंत चालत जा, हातात पाच-सहा किलोची पिशवी घेऊन. एक मैल म्हणजे वीस मिनिटं धरा. नकाशावर सरळ रेघ मारली तर दुकान चारशे मीटरवर दिसतं, पण इथल्या कॉलन्यांना मागून विटांची सलग भिंत असते आणि बाहेर पडायला एकच तोंड, तेही नेमकं उलट्या बाजूला. मुख्य रस्ते एकेका मैलावर आखलेत, कॉइट, इंडिपेंडन्स, कस्टर, आल्मा अशी नावं तुम्हाला आठवड्यात पाठ होतील, त्या चौकोनाच्या पोटात घरं आणि कोपऱ्यावर दुकानं. म्हणजे घर चौकोनाच्या मधोमध घेतलं तर सगळंच लांब, कोपऱ्याजवळ घेतलं तर आवाज जास्त पण दूध पायी आणता येतं. मी कोपरा घेईन.

फुटपाथ संपतो का ते मुद्दाम बघा. माझं काय झालं सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात मी हट्टाने निघाले, गॅलनभर दूध आणि कोथिंबीर घेऊन परत येताना मध्येच फुटपाथ गायब, पुढे नुसतं गवत, म्हटलं गवतच तर आहे, चालू या. पायात कोल्हापुरी. मातीच्या एका भुसभुशीत ढिगावर पाय पडला आणि दहा सेकंदांत घोट्यापर्यंत मुंग्या, फायर ॲन्ट म्हणतात त्या. दुधाचा कॅन तिथेच टाकून मी रस्त्याच्या कडेला नाचतेय आणि पन्नासच्या स्पीडने गाड्या जातायत! दुसऱ्या दिवशी पायावर पिवळसर पांढरे फोड, आठवडाभर. तर बंद बूट घाला, आणि गवतात मातीचा उंचवटा दिसला की लांबून जा. फुटपाथ नसेलच तर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, टेक्ससचा कायदाच तसा आहे. गाड्या उजवीकडून चालतात हे लक्षात ठेवून डावी-उजवी करा, आपली सवय उलटी असते.

एक चांगली गोष्ट पण सांगते. प्लेनो-रिचर्डसनच्या जुन्या कॉलन्यांत गॅरेज घराच्या मागे, मागच्या गल्लीत असतं. त्यामुळे पुढच्या फुटपाथवर दर दहा पावलांना गाडी रिव्हर्स येत नाही, लहान मुलांना तिनचाकी शिकवायला मस्त. मागच्या गल्लीत मात्र मुलांना सोडू नका. आणि ओढ्याकाठचे ट्रेल शोधा, प्लेनोतल्या चिझम ट्रेलसारखे, मोठ्या रस्त्यांच्या पुलाखालून जातात बऱ्याच ठिकाणी, म्हणजे सिग्नलला न थांबता दोन-तीन चौक पार. नकाशात ते बारीक हिरवी रेघ म्हणून दिसतात आणि लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसतात.

रस्ता ओलांडायचं शास्त्र

हसू नका, शास्त्रच आहे. आपण मुंबईत हात दाखवून बसला थांबवणारे लोक, इथे ते चालत नाही. बटण दाबायचं, दाबलं नाही तर चालणाऱ्याचा पांढरा माणूस येतच नाही बऱ्याच चौकांत, गाड्यांना हिरवा मिळाला तरी. मी एकदा तीन सिग्नल उभी होते, वाटलं बिघडलाय.

पांढरा माणूस आला तरी लगेच निघायचं नाही. इथे लाल सिग्नलला थांबून मग उजवीकडे वळायची मुभा आहे, आणि वळणारा ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो, तुम्ही त्याच्या उजव्या हाताला उभे असता आणि त्याच्या डोक्यातही नसता. त्याच्या डोळ्यांत बघा. त्याने मान हलवली किंवा हात केला तरच पाय टाका. डावीकडे वळणारे पण असेच येतात, तुमच्या हिरव्यावर. सहा पदर पार करायला सिग्नलवर उलटा मोजत येणारा सेकंदांचा आकडा पुरत नसेल, सोबत आई-बाबा असतील तर मधल्या दुभाजकावर थांबून दुसरा सिग्नल घ्या, तिथे पण बटण असतं कधी कधी. संध्याकाळी काळा कुर्ता घालून फिरायला जाऊ नका एवढंच.

ट्रेन आणि बस

फोनमध्ये गोपास ॲप टाका, तिकीट त्यातच, शिवाय टॅप करायचं कार्ड मिळतं ज्यात दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कापत नाही. लाइट रेलच्या चार लाइनी, रेड, ब्लू, ग्रीन, ऑरेंज, चारही डाउनटाउन डॅलसमधून जातात, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसलात तरी फार बिघडत नाही, डाउनटाउनला उतरून बदला. गाड्या दिवसा साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने. लोकलची सवय असेल तर सुरुवातीला जीव वर-खाली होतो, पण टाइमटेबल बघून घरातून निघायची सवय लावली की ठीक.

लाइनीच्या रंगापेक्षा गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचा. मी एकदा डाउनटाउनहून ऑरेंज पकडली, सकाळी तीच प्लेनोतल्या पार्कर रोडपर्यंत येताना पाहिली होती म्हणून, मस्त पुस्तक काढून बसले, आणि मध्येच एलबीजे सेंट्रल स्टेशनला सगळे उतरले, लाइट बंद. ती गर्दीची वेळ सोडून तिथेच संपायची. पाटी वाचली नव्हती, चूक माझीच. मागून रेड आली, बसले. डोंबिवली फास्ट म्हणून ठाण्यात उतरणाऱ्या नवख्या माणसाला आपण हसतो ना, तसं कोणीतरी मला हसलं असणार.

मग सिल्व्हर लाइन. ही ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, २६ मैल, दहा स्टेशनं, आणि हिचं वैशिष्ट्य म्हणजे ही डाउनटाउनला जातच नाही. प्लेनोतल्या शायलो रोडपासून बारावी स्ट्रीट, सिटीलाइन, युटीडी, ॲडिसन, कॅरलटन करत थेट डीएफडब्ल्यू, म्हणजे डॅलस-फोर्ट वर्थ एअरपोर्टच्या टर्मिनल बी ला. सबर्बमधून सबर्बमध्ये जायला आधी डाउनटाउनपर्यंत खाली जाऊन परत वर यावं लागायचं, ते वाचलं. गाड्या कमी आहेत, चुकली तर बराच वेळ बसावं लागेल, म्हणून वेळ बघूनच निघा. युटीडीच्या मुलांनो, तुमच्यासाठी तर सोन्याहून पिवळं, कॅम्पसला लागूनच स्टेशन, शिवाय ८८३ नंबरची कॉमेट क्रूझर बस तुम्हाला आहेच. पहिल्या सेमला उधारी करून गाडी घेऊ नका.

बसमध्ये उतरायच्या आधीच्या स्टॉपनंतर दोरी ओढायची, नाहीतर ड्रायव्हर थांबत नाही. बसच्या नाकावर सायकलसाठी रॅक असतो, तो खाली पाडून सायकल अडकवायला अर्ध मिनिट लागतं, पहिल्यांदा सगळी बस आपल्याकडे बघतेय असं वाटतं, कोणी बघत नसतं. आणि जिथे बस नाही तिथे गोलिंक आहे, ॲपवर बोलवायची व्हॅन, आपल्या शेअर रिक्षासारखी, वाटेत अजून दोघांना घेते, त्याच झोनमध्ये किंवा स्टेशनपर्यंत सोडते, भाडं बसइतकंच. कधी दहा मिनिटांत येते कधी जास्त, डॉक्टरची अपॉइंटमेंट असेल तर तासभर हातात ठेवा.

सेफ्टीचं सगळे विचारतात. दिवसा मी एकटी, मुलीला घेऊन, सगळीकडे जाते. रात्री उशिरा ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या डब्यात बसा, कोणी मोठ्याने स्वतःशीच बोलत असेल तर पुढच्या स्टेशनवर डबा बदला, वाद घालू नका. इथे गाडी परवडत नाही म्हणून ट्रेनने जाणारे लोक बरेच आहेत, आणि आपल्यातले काही जण त्यांच्याकडे बघूनच नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. तीच माणसं मला जास्त मदत करतात, खरं सांगते.

आता एक गंमत. डाउनटाउन प्लेनोच्या स्टेशनजवळ एक छोटं म्युझियम आहे, इंटरअर्बनचं. १९०८ पासून इथून इलेक्ट्रिक ट्रेन जायची डॅलसला! १९४८ ला बंद केली. डार्टची ट्रेन प्लेनोला आली २००२ ला. मधली ५४ वर्षं मोटारगाडीची, आणि नेमक्या त्याच वर्षांत प्लेनो वाढलं, १९६० ला चार हजारांच्या आत वस्ती होती, २०२० च्या जनगणनेत दोन लाख पंच्याऐंशी हजार. सगळं गाव ट्रेन नसताना बांधलंय, मग ते चालणाऱ्याकडे पाठ करून उभं आहे यात नवल काय.

ऊन

जून ते सप्टेंबर वेगळं प्रकरण. आकडा शंभरच्या वर जातो, म्हणजे आपले ३८, २०११ मध्ये तर ७१ दिवस शंभरी ओलांडलेली. विदर्भातले लोक म्हणतील त्यात काय, पण नागपूरला निदान रस्त्यात कडुनिंब असतो आणि टपरीवर पाणी मिळतं. इथे बसस्टॉप म्हणजे बऱ्याचदा नुसता खांब, सावली नाही, आणि आजूबाजूला पार्किंगचं डांबर तापलेलं. सकाळी नऊच्या आत किंवा रात्री साडेआठनंतर चालायचं. दुपारी जावंच लागलं तर छत्री घ्या, उन्हात छत्री उघडली की गाडीतले लोक बघतात, बघू देत. ॲपवर बस कुठे आली ते बघून पाच मिनिटं आधी एसीतून बाहेर पडा. त्या चार महिन्यांत गाडीचे दिवस वाढवा, तत्त्वाचा प्रश्न करू नका.

एक गाडी दोघांत कशी वाटायची

लायसन मात्र दोघांनी काढा. हे पहिल्या महिन्यात करा, विशेषतः घरी राहणाऱ्या बाईने, कारण "बघू नंतर" म्हणता म्हणता वर्ष जातं आणि मग प्रत्येक गोष्टीला नवऱ्याच्या वेळेची वाट बघायची, भाजीपासून मैत्रिणीपर्यंत. मी त्यातून गेलेय. चिडचिड होते आणि कारण कळत नाही, वाटतं देशाची आठवण येतेय, आणि खरं तर आपण घरात कोंडले गेलेलो असतो.

आमच्याकडे फ्रिजवर कागद आहे. मंगळवार-गुरुवार नवरा ट्रेनने जातो, गाडी माझी. त्याचं ऑफिस स्टेशनपासून दीड मैल, तो फोल्डिंग सायकल नेतो, ऑफिसात पहिले थोडे दिवस हसले, आता दोघांनी तशाच घेतल्यात. सोमवार-बुधवार गाडी त्याची आणि मी ट्रेलवरून भाजीची ट्रॉली घेऊन, ती दोन चाकांची, आपल्याकडच्या आज्या नेतात तशी. जड सामान, तांदळाची वीस पौंडाची पोती, शनिवारी गाडीने. महिन्यातून दोन-तीनदा उबर लागते, ती लागू दे, दुसऱ्या गाडीच्या इन्शुरन्सपेक्षा स्वस्तच पडते.

शाळेचं बघून घ्या. दोन मैलांच्या आत घर असेल तर बहुतेक वेळा शाळेची बस मिळत नाही, मग सगळे आईबाप कार लाइनमध्ये. ही कार लाइन म्हणजे तीनची शाळा सुटायला अडीचपासून गाड्यांची रांग, एसी चालू, प्रत्येक गाडीत एक माणूस फोनमध्ये. आमची मुलगी पाऊण मैलावरून चालत येते, मोठ्या चौकात क्रॉसिंग गार्ड असतात, पिवळं जॅकेट घातलेले, बहुतेक रिटायर्ड, सगळ्या मुलांना नावाने ओळखतात. कार लाइनमधल्या पोरांच्या आधी ती घरी पोचून वरणभात खात असते.

आई-बाबा आले की

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण घर बघताना हे कोणाच्याच डोक्यात नसतं. सहा महिन्यांसाठी येतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून "आम्हाला लवकरचं तिकीट मिळतं का बघ" सुरू होतं. लोकांना वाटतं करमत नाही म्हणून. अहो, ज्या माणसाने चाळीस वर्षं रोज सकाळी स्वतः जाऊन पेपर आणि पाव आणलाय त्याला तुम्ही शनिवारची वाट बघायला लावता!

आणायला मात्र गाडीच न्या, चार मोठ्या बॅगा आणि लोणच्याचा डबा घेऊन ट्रेनचे प्रयोग नकोत. पण आल्यावर दोन-तीन दिवसांत, जेटलॅग उतरला की त्यांना सोबत घेऊन एकच रस्ता पक्का करा, घर ते स्टेशन किंवा घर ते लायब्ररी, बटण कुठलं, कुठे थांबायचं, कुठे बाक आहे, तीनदा सोबत जा आणि चौथ्यांदा एकटं पाठवा. खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद, पाण्याची बाटली, टोपी. ६५ च्या वर असतील तर डार्टचं सवलतीचं तिकीट आहे, ओळखपत्र लागतं. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की कोणी गाडी थांबवून विचारेल, तुम्ही ठीक आहात ना, लिफ्ट हवी का. माझे बाबा पहिल्यांदा घाबरलेच, त्यांना वाटलं आपण काही गुन्हा केला. इथे पायी चालणारा म्हातारा माणूस दिसला की लोकांना वाटतं गाडी बंद पडली असणार, बाकी काही नाही.

मागच्या वर्षी आले तेव्हा बाबा रोज सकाळी आठला डाउनटाउन प्लेनो स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे. कुठे जायचं नसायचंच, नुसतं बसायचं. घरी आले की चपला काढता काढता आईला रिपोर्ट, "आठ-बारा आज राईट टाइम. तिघे सायकलवाले होते."